सरळ केलेला सिनेमा

“ती आत बसली असेल, तर मी हितनंच परत जाते,” मालन म्हणाली.

रविवारची सकाळ होती आणि आम्ही सुवर्णा टॉकीजच्या पायरीवर उभ्या होतो. मालन माझी धाकटी बहीण. हातात भाजीची पिशवी घेऊन आली होती. कुणी विचारलंच, तर मंडईला निघाले होते म्हणता यावं, एवढ्यासाठी.

“ती मागं बसलीय. तू पुढं बस. मधे सगळं गाव आहे,” मी म्हटलं.

“तू बोलवलंस तिला?”

“दोघींनाही मीच बोलवलं.”

“लई शहाणी तू,” ती म्हणाली, आणि आत गेली. भांडायचं झालं तरी मालनला सावलीत उभं राहून भांडायला आवडतं.

‘ती’ म्हणजे जैतुन. माझं टायपिंगचं दुकान आणि जैतुनचं शिलाई मशीन यांच्यामध्ये कितीतरी वर्षं एक प्लायवूडची फळी होती, तेवढंच अंतर. मालनच्या लग्नाचा ब्लाउज जैतुननं शिवला, आणि पुढं मालनला धनू झाला तेव्हा त्याची कुंची, झबलीसुद्धा तिनंच शिवली. आदल्या वर्षी आमच्या गावात दंगल झाली. एकाच दुपारी दोन गोष्टी घडल्या. जैतुनच्या भावाची, लियाकतची, बेकरी जाळली गेली, आणि बेकरीमागच्या बोळात धनू मेलेला सापडला. एकोणीस वर्षांचा होता. लियाकत खुनाच्या आरोपाखाली आत गेला. बेकरी जाळणारी पोरं जामिनावर बाहेर आली. आणि गावाला एकच प्रश्न उरला: आधी काय झालं?

आमच्या पेठेत विचाराल, तर आधी धनूला मारलं, मग पोरांचा तोल गेला आणि बेकरी पेटली. मोमीन गल्लीत विचाराल, तर आधी बेकरी पेटवली, पुढं त्या गर्दीत कुणी काय केलं ते अल्लाला ठाऊक. ज्याला त्याला वेळ तोंडपाठ होती. जे त्या दिवशी गावातच नव्हते, त्यांना तर मिनिटासकट.

पुढच्या महिन्यात मालनची साक्ष होती. धनू घरातून केव्हा निघाला, हे सांगू शकणारी ती एकटीच. पोलिसांना तिनं तेव्हा सांगितलं होतं, मला काही आठवत नाही. त्यानंतर त्या दुपारबद्दल तिनं तोंड उघडलं नव्हतं, माझ्यापाशीसुद्धा नाही. पेठेतली मोठी माणसं येऊन तिच्याकडचा चहा पिऊन जायची आणि जाताना म्हणायची, ताई, धनू लवकरच निघाला असणार, बेकरीच्या बराच आधी. असणार असणार करता करता ते जवळजवळ ठरूनच गेलं होतं. आणि जैतुन वर्षभर त्यांच्या गल्लीतून रस्ता ओलांडून इकडं आली नव्हती. मशीनसुद्धा तिनं माणूस पाठवून उचलून नेलं.

आता सिनेमाचं सांगते. आमच्या फिल्म सोसायटीत एक पद्धत होती, दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. परदेशी सिनेमात खाली इंग्रजी अक्षरं येतात. ती वाचू शकणारे आमच्याकडं मोजकेच. बाकी सगळे यंत्रमागावरचे कामगार, शाळामास्तर, दुकानदार. म्हणून पडद्याच्या कडेला स्टुलावर मी बसायची, पुढ्यात माईक घेऊन, आणि अक्षरं वाचून मराठीत बोलायची. बाई, बुवा, म्हातारा, पोर, सगळ्यांचं मीच. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी लोकांचे अर्ज टाइप करून करून शिकले. त्यामुळं पहिलं वर्षभर माझे नायक प्रेमातसुद्धा ‘तरी कृपया विचार व्हावा’ असंच बोलायचे. लोक हसायचे. मग हळूहळू माणसात आले.

हा सिनेमा मीच मागवला होता. बाल्कनमधला, युगोस्लाव्हिया फुटून जे तुकडे झाले त्यातल्या एका तुकड्यातला. डोंगरावर दोन वाड्या. वरची चर्चची, खालची मशिदीची. मधे ओढा, ओढ्यावर पाणचक्की. चक्की खालच्या वाडीतल्या हसनची, पण दळण दोन्ही वाड्यांचं. सिनेमाचे तीन भाग, प्रत्येक भाग रिळांच्या दोन डब्यांत. पहिला ‘भाकरी’: वरच्या वाडीत लुका नावाच्या पोराचं प्रेत घरात ठेवलंय, आई शेजारी बसलीय, आणि गावातली माणसं खाली जाऊन चक्की पेटवतात. दुसरा ‘पाणी’, तो त्याच्या आधीचा: उन्हाळा, पाण्याच्या पाळीवरून भांडणं, आणि शेवटी लुका ओढ्याकाठी मेलेला सापडतो. इथवर काही अवघड नाही, नुसतं मागचं पुढं केलंय. पण तिसरा भाग ‘पीठ’ सुरू होतो तेव्हा चक्की पेटलेली असते आणि लुका जिवंत असतो. तो वरून धूर बघतो, खाली पळत सुटतो, आणि तिथं मरतो. माणसं त्याला उचलून वर घरी आणून ठेवतात. म्हणजे आपण परत पहिल्या दृश्यात. लुका मेला म्हणून चक्की जळाली, आणि चक्की जळाली म्हणून लुका मेला. आधी काय, ते करणाऱ्यानं सांगितलंच नाही. त्याला ते सांगायचंच नव्हतं.

बोलायची तयारी म्हणून मी प्रत्येक सिनेमा आदल्या दिवशी ऑपरेटर गुंडूमामांबरोबर रिकाम्या टॉकीजमध्ये एकदा बघून घ्यायची. त्या शनिवारी तो संपला आणि मी खुर्चीतून उठलेच नाही. मग उठले ती थेट मोमीन गल्लीत गेले, तिथून मालनकडं.

आमचे अध्यक्ष दिवाण सरही शनिवारी बघायला बसले होते. कॉलेजातून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा शर्ट, कधी कुणाला अरेतुरे नाही. जाताना एवढंच म्हणाले, “बराच गोंधळ घातलाय हो यानं.” मी बसल्या जागेवरून म्हटलं, उद्या मालनलाही बोलवते.

रविवारी दिवे गेले, पडद्यावर अक्षरं आली आणि मी माईक ओढला. तर समोर ‘पाणी’. प्रेत नाही, आई नाही. उन्हाळा, ओढा, पोरं डुंबतायत. मला वाटलं डबे चुकले. वर ऑपरेटरच्या खिडकीकडं हात केला. पहिल्या रांगेतून दिवाण सरांनी मला बसल्या बसल्या खूण केली, चालू द्या. मी चालू दिलं. म्हटलं, चुकून का होईना, दुसरा भाग आधी गेला. मग पहिला येईल, मग तिसरा येईल. तिसरा आला म्हणजे झालं.

लुका ओढ्याकाठी सापडला आणि मध्यंतर झालं. मी धावत वर गेले.

“मामा, डबे चुकले तुमचे.”

“माझं कशाला चुकत्यात?” गुंडूमामा बिडी विझवत म्हणाले. “सरांनीच लावून दिलं सकाळी. तीन-चार पैले, मग एक-दोन. पाच-सहा हापिसात ठिवा म्हणाले, लावायचं न्हाईत.”

मी खाली आले. दिवाण सर व्हरांड्यात चहा पीत होते. माझ्यासाठीही त्यांनी कप भरून ठेवला होता.

“घ्या इंदूताई. आज फार छान बोलताय.”

“सर, पहिला भाग पहिला का नाही लावला?”

“कारण तो पहिला नाही,” ते हसून म्हणाले. “नंतर घडलेलं आधी दाखवायचं, ही या लोकांची हौस. आपला माणूस रात्रपाळी करून येतो. त्याच्या डोक्याला कशाला ताप? जरा सरळ केला, एवढंच.”

“आणि तिसरा?”

“तिसऱ्यात चूक आहे. मेलेला मुलगा उठून पळायला लागतो. तो कुठंच बसेना. मी बराच विचार केला, हो. शेवटी वगळला.”

“ती चूक नाही. त्यासाठीच तर सिनेमा काढलाय.”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “इंदूताई, हे मी तुमच्या बहिणीसाठी केलं. काल तुम्ही म्हणालात ना, ती येणार आहे? पोटचा मुलगा गेलाय तिचा. असलं उलटसुलट बघून तिच्या मनाचं काय होईल? पुढच्या महिन्यात तिला कोर्टात उभं राहायचंय. मन स्थिर पाहिजे.”

“साक्षीचा आणि सिनेमाचा काय संबंध?”

“काहीच नाही. म्हणून तर म्हणतो, उगाच नको जोडायला.”

मला तो कप त्यांच्या शर्टावर ओतावासा वाटला. ओतला नाही. शर्ट पांढरा होता आणि धुणार त्यांची बायको होती.

आज इतक्या वर्षांनी लोक मला विचारतात, तेव्हाच का नाही बंद पाडलंस. सांगते. घंटा झाली, लोक आत शिरले, आणि मालन तिसऱ्या रांगेत तशीच बसून होती. मध्यंतरातही उठली नव्हती. शेवटून दुसऱ्या रांगेत जैतुन, शेजारी तिची सासू आणि गल्लीतल्या दोन बायका, चौघींनी एकमेकींचे हात धरल्यासारखे खांदे जुळवलेले. दोघी आत होत्या. मी ओरडले असते तर दोघी उठून गेल्या असत्या, आणि पुन्हा कधी एका छपराखाली आल्या नसत्या. मी स्टुलावर जाऊन बसले.

लुकाचं प्रेत. आई पीठ मळतेय, कारण आलेल्यांना भाकरी द्यायला हवी. मी तिचं बोलले. पुरुष उठले, खाली निघाले. हसन चक्कीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “आत दाणे तुमचेच आहेत.” ते मी बोलले, आणि पडद्यावर चक्की पेटली.

टॉकीजमध्ये एक टाळी वाजली. मग चारपाच. मग बाल्कनीतून शिट्टी.

आगीचा उजेड पडद्यावरून खाली लोकांच्या तोंडावर पडतो. त्या उजेडात मला जैतुन दिसली. तिनं मान खाली घातली नव्हती. ती सरळ माझ्याकडं बघत होती, पडद्याकडं नाही, माझ्याकडं. तू बोलवलंस मला, हे बघायला.

त्यानंतर मी एक अक्षर वाचलं नाही. पडद्यावरची माणसं आपल्या भाषेत काय ते बोलत राहिली. कुणीतरी म्हणालं, “ताई, बोला की.” राख झाली, संगीत आलं, दिवे लागले, खुर्च्यांच्या फळ्यांची आपटाआपटी सुरू झाली. मग मी माईक जवळ घेतला.

“ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी जाऊ नये. सिनेमा संपलेला नाही. दोन डबे आपल्या ऑफिसात ठेवून घेतलेत.”

दिवाण सर उठले. “मंडळी, ताईंची तब्येत जरा... आपण निघू या.”

“तब्येत ठणठणीत आहे,” मी माईकवरच म्हटलं. “सरांनी तुमच्यासाठी सिनेमा कापला. तुम्हाला कळणार नाही म्हणून. आणि तुम्ही लगेच त्यांचं खरं करून दाखवलंत.”

“आता काय राहिलंय त्यात?” सुतगिरणीतला एक जण जिन्याकडं जाता जाता म्हणाला. “त्यांनी मारलं, ह्यांनी जाळलं. झालं की.”

“मारलं कुणी दिसलं तुला?”

“ते काय दिसायला पायजे?”

“ओ इंदूताई,” दुसऱ्यानं विचारलं, “तुमचाच भाचा गेला न्हवं? बाजू कुणाची घेताय?”

“माझा भाचा गेला म्हणून टाळ्या तू वाजवायच्यास?” मी म्हटलं. मला एवढा राग त्याआधी कधी आला नव्हता, धनूला आणलं त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी रागाला तोंड नव्हतं, कुणाचं म्हणून धरायचं कळत नव्हतं. आज होतं. स्वच्छ, सभ्य, चहा विचारणारं तोंड.

“माईक बंद करा, गुंडू,” दिवाण सर वर बघून म्हणाले.

“दाखवा,” मालन म्हणाली.

ती उभी राहिली होती. पिशवी छातीशी धरलेली. तिचा आवाज माईकवर नव्हता, तरी सगळे थांबले. मेलेल्या पोराच्या आईपुढून निघून जायची हिंमत आमच्या गावात अजून कुणाला नाही.

“मालनताई, तुम्ही घरी जा,” दिवाण सर मऊ होऊन म्हणाले. “त्रास होईल तुम्हाला. तुमच्यासाठीच...”

“माझ्या नावावर काढून ठिवलंय न्हवं? मग माझ्याच नावावर लावा.”

दिवाण सरांनी खिशातून ऑफिसची किल्ली काढली. दिली मात्र माझ्या हातात नाही, शिपायाच्या हातात. मालन खाली बसली तसे निम्मे लोक तिच्या पाठीमागून सटकले. जे राहिले ते का राहिले, कुणास ठाऊक. भांडण बघायला राहिले असतील. जैतुनच्या गल्लीतल्या दोघी दारापर्यंत गेल्या होत्या. जैतुन हलली नाही, तेव्हा त्याही परत येऊन बसल्या.

‘पीठ’ सुरू झालं. मी माईक घेतला, तोच मालन म्हणाली, “गप. बोलू नकोस. कळतंय मला.”

त्या टॉकीजमध्ये मी स्टुलावर बसून अख्खा भाग गप्प राहिले असं एकदाच झालं.

लुका वर कड्यावर उभा आहे. खाली धूर. तो वळतो, घरात शिरतो, पत्र्याचा एक डबा उचलतो आणि उतारावरून पळत सुटतो. डबा जड आहे, कारण त्याचा खांदा एका बाजूला कललाय. त्यात काय आहे ते दाखवत नाहीत. पाणी असेल. रॉकेल असेल. शनिवारी माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नव्हतं; माझं लक्ष अक्षरांकडं. आता अक्षरं वाचायची नव्हती म्हणून मी डबा बघितला. तो पळतो, धुरात शिरतो, दिसेनासा होतो. नंतर ओढ्याकाठी त्याचे पाय दिसतात. माणसं येतात, उचलतात, वर नेतात, घरात ठेवतात. आई पीठ मळायला घेते.

दिवे लागले.

मालन उठली आणि मागं चालत गेली. खुर्च्यांच्या रांगेतून आडवी, गुडघे आपटत. मी पाठोपाठ गेले. दिवाण सरही निघाले होते, त्यांच्याकडं मी नुसतं बघितलं, ते थांबले.

जैतुन उभी राहिली. वर्षभरात दोघी पहिल्यांदा समोरासमोर येत होत्या. जैतुननं सलाम केला नाही, मालननं नाव घेतलं नाही.

“लियाकतनं मारलं का त्याला?” मालननं विचारलं.

“मला माहीत नाही. तो नाही म्हणतो.”

“तुला काय वाटतं?”

“माझा भाऊ आहे तो. मला काय वाटणार?” जैतुन म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “तुझं पोर गेलं, मालन. त्याची कुंची माझ्या हातची. मी घरात तोंड दाबून रडले, रडायलासुद्धा तुझ्याकडं येता आलं नाही मला. पण तू गप्प बसलीस. एक शब्द बोलत नाहीस. आणि तिकडं माझा भाऊ सडतोय.”

“व्हय, बसले गप.”

“का?”

मालननं पिशवी खुर्चीवर ठेवली. जणू आता दोन्ही हात लागणार होते.

“मी गच्चीवर होते, वाळवण काढत. धूर दिसला. मीच खाली हाक मारली त्याला. आरं धनू, वर ये, बेकरी पेटली बघ. जेवत होता. तसाच उष्ट्या हातानं वर आला, बघितलं, आणि जिन्यानं पळत खाली गेला. मी म्हटलं, कुठं रं? थांबला न्हाई.”

मी तिची सख्खी बहीण. वर्षभर तिच्या घरी रोज जात होते, तिच्या ताटात जेवत होते. मला हे माहीत नव्हतं.

“म्हणजे बेकरी आधी,” जैतुनची सासू पुटपुटली.

“बेकरी आधी,” मालन तिच्याकडं न बघता म्हणाली. “पण तो कशाला पळाला? इझवायला, का पेटवणाऱ्यांत? त्याचे चार दोस्त होते त्या पोरांत. मला ठाऊक न्हाई. वरीसभर मी त्येच बघतीय. ह्ये लोक येऊन सांगायचे, आधीच गेला असंल, आधीच गेला असंल. मला बरं वाटायचं. आधी गेला म्हटलं की मग तो कशाला गेला, ह्ये इचारायचं कारणच न्हाई. तो नुसता गेला. नुसता मारला त्याला कुणीतरी.” तिनं श्वास घेतला. “हात रिकामे होते त्याचे. तेवढं मी बघितलं वरनं. बोळाच्या तोंडापर्यंत बघितलं. रिकामे होते.”

“रिकामे होते?” जैतुननं विचारलं.

“रिकामे.”

जैतुननं तोंडावर ओढणी धरली. मालननं तिला हात लावला नाही. मला वाटलं होतं, लावेल. मी सिनेमे फार बघितलेत.

“मी कोर्टात सांगणार हाय,” मालन म्हणाली. “तुझ्यासाठी न्हाई, लियाकतसाठी न्हाई. आणि तू माझ्या घराकडं येऊ नकोस. मला तुझं तोंड बघवत न्हाई अजून.”

“नाही येत,” जैतुन ओढणीतून म्हणाली. “मला पण तुझं बघवत नाही.”

बाहेर ऊन चढलं होतं. मालन पुढं, मी मागं, असं आम्ही मंडईपर्यंत चाललो. कोपऱ्यावर ती थांबली.

“सिनेमाला बोलवलंस मला, का साक्षीला?”

“सिनेमाला.”

“खोटं बोलतीस,” ती म्हणाली, आणि मेथीची जुडी उचलून भाव विचारायला लागली.

त्यानंतर मी त्या स्टुलावर बसले नाही. दिवाण सरांनी दोनदा निरोप पाठवला, अगदी नम्र शब्दांत. आता ते नाहीत. गेले तेव्हा वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल चांगलं छापून आलं, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. माझा राग मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही.

लियाकत पुढं सुटला, पुराव्याअभावी. बेकरी जाळणारेही सुटले. जैतुनचं घर कोल्हापूरला गेलं. धनूला कुणी मारलं ते आजही कुणाला माहीत नाही, आणि आमच्या पेठेत अजून प्रत्येकाला माहीत आहे. मालनशी शेजारणी कितीतरी दिवस बोलत नव्हत्या. पोराच्या विरुद्ध साक्ष दिली, म्हणायच्या.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी विचारलं, मुलाच्या हातात काही होतं का? मालन म्हणाली, नव्हतं, रिकामे होते. ते मोठ्यानं म्हणाले, निःशस्त्र मुलगा, हे लिहून घ्यावं. घेतलं. मग बचावाचे वकील उठले. मुलगा घरातून निघाला तेव्हा धूर दिसत होता का? होता. ते मोठ्यानं म्हणाले, म्हणजे आग आधी, हे लिहून घ्यावं. घेतलं. एकानं हात नेले, दुसऱ्यानं धूर नेला, आणि दोघं आपापल्या खुर्चीत बसले.

मालन पिंजऱ्यातच उभी होती.

“साहेब, मीच हाक मारली त्याला,” ती म्हणाली.

“तुम्हाला विचारलं तेवढंच सांगा, बाई,” न्यायाधीश म्हणाले.

“तो जेवत होता. मी हाक मारली, म्हणून तो वर आला.”

“झालं तुमचं. खाली या.”

ती खाली आली नाही. टंकलेखकाकडं वळली. माझ्यासारखाच एक माणूस, मशीनवर बोटं ठेवून बसलेला.

“ल्हिवा की,” मालन त्याला म्हणाली. “हाक मी मारली.”

त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली नाही. त्यानं कागद मशीनमधून ओढून काढला आणि पुढच्या साक्षीदारासाठी दुसरा घातला.